'लॉग' क्या कहेंगे?

वाचकहो, शीर्षक हिंदीत आहे म्हणून रागावू नका. मराठी विभागात हिंदी पीजे मारल्याबद्दल संपादक मंडळाची माफी मी आधीच मागून ठेवली आहे! पण दुसरं शीर्षक सुचेना. मागच्या पावसाळ्यात आमच्या चारकोपच्या सोसायटीत एका माणसाची नोकरी जाता जाता राहिली. 'लोग' काय म्हणतील याची त्याला भीती नव्हती, कारण सगळ्या बिल्डिंगचं त्याच्याबद्दल चांगलंच मत होतं. त्याच्याविरुद्ध साक्ष दिली ती 'लॉग'ने. आणि त्या लॉगला बोलायला शिकवलं होतं मी.

त्याचं असं झालं...

टीईच्या मिनी प्रोजेक्टसाठी मी सोसायटीच्या पाण्याच्या पंपाला एक नोडएमसीयू बोर्ड बसवला होता. पंपाचा रिले चालू की बंद, गच्चीवरच्या टाकीत पाणी किती, हे दर पाच मिनिटांनी तो बोर्ड आमच्या घरातल्या रास्पबेरी पायवर नोंदवून ठेवायचा. अशा नोंदींच्या फाईलला आपण लॉग म्हणतो. दर पाच मिनिटांना एक ओळ, म्हणजे दिवसाला २८८ ओळी. आठवड्याला २०१६. आता एवढ्या ओळी डोळ्यांनी वाचणार कोण? म्हणून मी त्यात शोधाशोध करणारा एक छोटा टूल लिहिला. तारीख द्या, काय शोधायचं ते द्या, ओळी हजर.

इथवर सगळं ठीक होतं. पण सध्या एआय एजंट जोडल्याशिवाय प्रोजेक्टला प्रोजेक्ट म्हणत नाहीत! नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, आणला आणि आपला टूल एजंटच्या हाती देणं फार सोपं झालं. टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवायची, एवढं लिहून दिलं की काम झालं. कधी कोणता टूल वापरायचा आणि आलेल्या उत्तराचा अर्थ काय लावायचा, हे एजंट ते वर्णन वाचून ठरवतो. मी वर्णन लिहिलं एका ओळीचं : 'पंपाच्या नोंदी शोधतो. तारखांची मर्यादा द्या.' झालं! डॉक्युमेंटेशन संपलं. रात्रीचे दोन वाजले होते आणि सकाळी सबमिशन होतं.

डेमो झकास झाला. सेक्रेटरी काका इतके खूश झाले की त्यांनी तो एजंट स्वतःच्या मोबाईलवर लावून घेतला.

मग जुलैमध्ये सोसायटीच्या कॉमन मीटरचं बिल फुगून आलं. एका रविवारी रात्री नऊ वाजता कमिटीची मीटिंग बसली. काकांनी एजंटला चांगल्या शुद्ध मराठीत विचारलं, 'मागच्या सात दिवसांत पंप विनाकारण चालू राहिला का?' दहा सेकंदांत उत्तर आलं. त्याहून शुद्ध मराठीत! 'होय. मागील सात दिवसांच्या नोंदी तपासल्या असता, पंप सकाळी ७.१५ पासून दुपारी ३.३० पर्यंत सलग चालू असल्याचे आढळते. संबंधित कर्मचाऱ्याकडे चौकशी करावी.' काकांनी त्याची प्रिंट काढली. संबंधित कर्मचारी म्हणजे आमचे वॉचमन काका. पहाटे पंप लावणं आणि टाकी भरली की बंद करणं हे त्यांचंच काम. दुसरा माणूस बघायचा, असं त्याच मीटिंगमध्ये जवळजवळ ठरलं.

ही बातमी घरी आली तेव्हा आई पोळ्या करत होती. ती मागे न बघताच म्हणाली, ''दुपारी पंप चालू? अगं, तो पंप माझ्या किचनच्या खिडकीखाली आहे. दुपारी चालू असता तर मला झोप लागली असती का? आणि आठ तास पंप चालला तर टाकी वाहून गच्चीचा धबधबा झाला असता की!''

इंजिनीअर मी होते, पण डीबगिंग आईने केलं.

रात्रभर बसून मी एजंटने काय काय केलं ते तपासलं. त्याने एकही गोष्ट मनाने रचली नव्हती. लॉगमध्ये जे दिसलं तेच त्याने सांगितलं होतं. तरीही सगळं उत्तर साफ चूक होतं, आणि तिन्ही चुका माझ्या होत्या.

पहिली चूक. माझा टूल एका वेळी शेवटच्या १०० ओळीच देतो, बाकीच्या गुपचूप गाळतो. एजंटने सात दिवसांच्या २०१६ ओळी मागितल्या, त्याला मिळाल्या १००, म्हणजे फक्त सव्वाआठ तासांच्या. 'आणखी १९१६ ओळी शिल्लक आहेत' असं टूलने सांगितलंच नाही. एजंटला वाटलं, आठवडा संपला.

दुसरी चूक. बोर्ड इंटरनेटवरून वेळ घेतो तो यूटीसी, आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे. मीटिंग रात्री नऊला होती, लॉगमध्ये ती वेळ होती दुपारचे साडेतीन. एजंटने ज्याला सकाळचे ७.१५ म्हटलं ते खरं तर दुपारचे पाऊण वाजले होते. पंप जेव्हा खरोखर चालतो ती पहाट त्या १०० ओळींत आलीच नव्हती.

तिसरी चूक तर महान! आपण लॅमिंग्टन रोडवरून जे स्वस्तातले रिले मॉड्यूल आणतो, त्यातले बरेचसे 'अॅक्टिव्ह लो' असतात. पिनवर ० दिला की रिले चालू, १ दिला की बंद. मला हे पाठ होतं. लॉगमध्ये मी थेट 'रिले=१' असं छापत होते आणि एजंटने जगातला कोणीही शहाणा माणूस करेल तेच केलं. १ म्हणजे चालू. पंप दिवसभर बंद होता आणि लॉग पाहून एजंट म्हणाला, दिवसभर चालू!

तुम्ही म्हणाल, ही तर साधी बिगिनर मिस्टेक. मान्य. पण मोठमोठ्या टूल्समध्येही हेच खड्डे आहेत. लोकी नावाची लॉग साठवणारी प्रसिद्ध सिस्टीम आहे. तिच्या लॉगसीएलआय या कमांडला काहीच सांगितलं नाही तर ती मागच्या फक्त एका तासातल्या जास्तीत जास्त ३० ओळी दाखवते. इलॅस्टिकसर्चला संख्या सांगितली नाही तर १० निकाल येतात. लिनक्सवरची जर्नलसीटीएल मशीनच्या स्थानिक वेळेत बोलते आणि यूटीसी हवा असेल तर तसं सांगावं लागतं. या सवयी माणसासाठी सोयीच्या आहेत. माणूस स्क्रीनकडे बघून म्हणतो, 'एवढंच कसं? काहीतरी राहिलंय.' एजंटला ही शंका आपोआप येईलच असं नाही. त्याच्यापुढे जे ताट वाढलं तेच जेवण.

मला हे नीट समजलं ते माझ्या स्वतःच्या मराठीमुळे. मी कॉन्व्हेंटची. शब्द सगळे कळायचे, पण बोलणं कळायचं नाही. लहानपणी आजीकडे आलेल्या बायका निघताना म्हणायच्या, 'येते हं!' आणि मी दारात वाट बघत उभी राहायचे. या येते म्हणाल्या आणि चालल्या कुठे? 'जाते' म्हणायचं नसतं, 'येते' म्हणायचं, हे घरातल्या सगळ्यांना इतकं ठाऊक होतं की मला कोणी सांगितलंच नाही. रिले=१ म्हणजे बंद, हे तसंच आहे. एआय एजंट म्हणजे व्याकरण पक्कं असलेला, पण आपल्या घरात आजच आलेला पाहुणा. त्याला शब्द येतात, रीत माहीत नसते. आणि तो माझ्यासारखा दारात उभा राहून वाटही बघत नाही, सरळ निष्कर्ष काढून मोकळा होतो!

चारकोपमध्ये राहणाऱ्याला हे लवकर पटावं. म्हाडाने जागतिक बँकेच्या मदतीने १९८० च्या दशकात वसवलेली ही वसाहत. आमचे पत्ते म्हणजे सेक्टर, आरएससी नंबर, प्लॉट नंबर, मग सोसायटीचं नाव. नवा कुरिअरवाला आला की हमखास चुकतो आणि आपण फोनवर काय सांगतो? 'अहो, मार्केटच्या पुढे या, कोणालाही विचारा!' एजंटला 'कोणालाही विचारा' ही सोयच नाही. त्याच्यासाठी गल्लीत उभा असलेला माणूस म्हणजे आपण लिहिलेलं वर्णन. ते एका ओळीचं असेल, तर तो चुकणारच.

आता कुणी म्हणेल, यात नवीन काय? खरंच काही नाही. नोंदी ठेवणं आणि त्या नोंदी कशा वाचायच्या हे लिहून ठेवणं, ही तर मुंबईची जुनी परंपरा आहे. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये बांधली आणि १८४० च्या दशकापासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी नियमित होऊ लागल्या. (आपले गणिती केरुनाना छत्रे तरुणपणी याच वेधशाळेत काम करत होते, बरं का!) २ सप्टेंबर १८५९ ला इतिहासातलं सर्वात गाजलेलं सौर वादळ आलं, त्या दिवशीही इथल्या माणसांनी उपकरणात डोळे घालून वाचनं घेतली. पुढे २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या जुन्या नोंदी काढून हिशेब मांडला, तेव्हा मुंबईतलं आडवं चुंबकीय बल त्या दिवशी सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरल्याचं दिसलं. त्यांच्यापैकी दोघे आपल्याच भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे होते.

विचार करा मित्रांनो, १४४ वर्षांनंतर! नोंद घेणारे केव्हाच गेले होते. त्यांना फोन करून 'सर, हा आकडा कुठल्या एककात आहे?' असं विचारता येणार नव्हतं. नुसते आकडे उरले असते तर त्यांची रद्दी झाली असती. एकक कुठलं, वेळ कुठली, वाचन किती मिनिटांनी घेतलेलं, हे कळल्यामुळेच त्या आकड्यांना अर्थ आला.

त्याहून कमाल पुढे आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं दिसलं (त्या १९०७ मध्ये धावू लागल्या) आणि त्यांच्यामुळे चुंबकीय नोंदी बिघडणार म्हणून वेधशाळा अलिबागला हलवायची ठरली. तेव्हा संचालक होते नानाभाई फ्रामजी मूस. एका दिवशी कुलाबा बंद आणि दुसऱ्या दिवशी अलिबाग सुरू, असं त्यांनी केलं नाही. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुना आकडा आणि नवा आकडा यांचं नातं पुढच्या माणसाला कळावं. मग १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदींवर त्यांनी सविस्तर विवेचनाचा ग्रंथ काढला. याला म्हणतात डॉक्युमेंटेशन! आणि आम्ही? आम्ही रात्री दोन वाजता एक ओळ लिहितो.

वेळेचा घोळही मुंबईला नवा नाही. १९०६ पासून भारतात आयएसटी आली, पण 'बॉम्बे टाइम' नावाचं ३९ मिनिटं मागे असलेलं घड्याळ या शहरात स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं चालूच राहिलं. तेव्हाच्या मुंबईत नुसतं 'साडेदहाला भेटू' म्हणून भागत नसे, कुठल्या घड्याळाचे साडेदहा ते विचारावं लागे. माझ्या लॉगला तेवढंही कळत नव्हतं.

माझा एक मित्र म्हणतो, ''कशाला एवढं लिहायचं? एजंट दिवसेंदिवस हुशार होतायत. सहा महिन्यांत ते आपोआप ओळखतील.'' मला हे पटत नाही. हुशारीने भाषा ओळखता येते, गणित सोडवता येतं. पण माझ्या पंपाच्या रिलेचा ० म्हणजे चालू, ही गोष्ट कुठल्याही पुस्तकात नाही. ती फक्त माझ्या डोक्यात होती. जे कुठे लिहिलेलंच नाही ते कोण वाचणार? फार तर हुशार एजंट शंका काढेल. पण शंका काढली तरी उत्तर कुठे शोधणार?

दुसरी एक मैत्रीण म्हणते, ''डॉक्युमेंटेशन कशाला, टूलच सुधार ना!'' हे मात्र शंभर टक्के खरं. मी पहिलं काम तेच केलं. 'रिले=१' काढून 'पंप=बंद' असं लिहिलं. वेळेपुढे आयएसटी लावलं. ओळी गाळल्या की टूल आता स्वतःच सांगतो, '२०१६ पैकी १०० ओळी दाखवल्या, इतक्या वाजल्यापासून इतक्या वाजेपर्यंतच्या.' जे टूलच्या उत्तरातच स्पष्ट होतं ते वर्णनात लिहावं लागत नाही, आणि वर्णन आखूड राहतं. तेही महत्त्वाचं. एजंटला ऐंशी पानं वाचायला दिली तर कामाची गोष्ट त्यात हरवते. (ऐंशी पानांवरून आठवलं, आमचं ब्लॅक बुक! सोनेरी अक्षरं, काळं कव्हर आणि आत कोणीही न वाचलेलं डॉक्युमेंटेशन...)

पण काही गोष्टी लिहाव्याच लागतात. माझं आताचं वर्णन एका पानाचं आहे. टूल काय करतो, आणि काय करत नाही. लॉग कुठल्या तारखेपासून आहे. मध्ये लाईट गेली तर तेवढ्या ओळी नसतात, त्याचा अर्थ पंप बंद होता असा नाही. तीन नमुना प्रश्न, त्यांच्या खऱ्या क्वेरी आणि खरी उत्तरं. आणि सर्वात मोठ्या अक्षरांत एक वाक्य : 'काहीच सापडलं नाही' आणि 'शोधताच आलं नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे शेवटचं मी ग्रेपकडून शिकले. १९७३ च्या सुमारास केन थॉम्पसन यांनी लिहिलेला हा छोटासा प्रोग्रॅम आपण रोज वापरतो. तो काम संपवताना एक आकडा मागे ठेवतो. ० म्हणजे सापडलं, १ म्हणजे सापडलं नाही, २ म्हणजे मलाच अडचण आली. किती प्रामाणिक! युनिक्सच्या १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलमध्ये तर प्रत्येक कमांडच्या माहितीत 'बग्ज' असं एक शीर्षक ठेवलेलं होतं. म्हणजे बनवणाराच सांगायचा की माझी ही वस्तू कुठे फसते. आमच्या ब्लॅक बुकात 'फ्यूचर स्कोप' असतो, 'बग्ज' कधीच नसतात. व्हायव्हात मार्क जातील ना!

म्हणून माझं मत, आणि आपल्या कॉलेजकडे विनंतीही. प्रत्येक मिनी प्रोजेक्टला ब्लॅक बुकाव्यतिरिक्त एकच पान सक्तीचं करावं. वापरणाऱ्याचं पान. त्यात 'हे कुठे फसतं' हा रकाना हवाच. आणि व्हायव्हात त्याची परीक्षा घ्यावी. ज्यांची उत्तरं आधीच माहीत आहेत असे दहा प्रश्न काढायचे, ते पान आणि टूल एका नवख्या एजंटला द्यायचे, आणि किती बरोबर येतात ते मोजायचं. माझं पहिलं एका ओळीचं वर्णन देऊन मी हे करून पाहिलं, दहापैकी तीन आले. नव्या पानावर नऊ. एजंट तोच होता. आणि गंमत म्हणजे तेच पान आमच्या ज्युनियरला दिलं तर त्यालाही टूल न विचारता वापरता आला. एजंटसाठी नीट लिहिलेलं माणसालाही कळतं. उलटंही तितकंच खरं आहे.

असो. त्या रात्री सुधारलेल्या टूलने सात दिवसांच्या सगळ्या ओळी नीट पाहिल्या. पंप रोज पहाटेच चालत होता, पण टाकी भरायला जूनमध्ये जिथे पाऊण तास लागायचा तिथे आता सव्वा तास लागत होता. प्लंबरला बोलावलं. खालच्या टाकीतल्या फुटव्हॉल्व्हच्या जाळीत कचरा अडकला होता. बिल त्याचं होतं.

मी सकाळी खाली जाऊन वॉचमन काकांना सगळं सांगितलं आणि माफी मागितली. एजंट, एमसीपी वगैरे काही बोलले नाही. 'माझ्या मशीनने तुमच्याबद्दल खोटं सांगितलं,' एवढंच म्हणाले. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग केबिनमधल्या खुर्चीखालून एक दोनशेपानी वही काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. तारीख, पंप चालू, पंप बंद, टाकी किती. रोजची ओळ, पेन्सिलीने. जूनपासून हळूहळू वाढत गेलेली वेळ त्यात स्पष्ट दिसत होती. पहिल्या पानावर लिहिलं होतं : 'वेळ केबिनच्या घड्याळाची. घड्याळ ५ मिनिट पुढे आहे.'

''ही तुम्ही कोणासाठी लिहिली?'' मी विचारलं.

''मी गावाला जातो तेव्हा बदली माणूस येतो ना ताई,'' ते म्हणाले. ''त्याला कसं कळणार?''

सात दिवसांच्या त्या मीटिंगमध्ये ही वही बघायची कोणालाच आठवण झाली नव्हती. मलाही नाही.

माझ्या पानावरची पहिली ओळ मी त्या दिवशी बदलली. आता ती अशी आहे : 'वेळ आयएसटी. पंपाबद्दल माणसाला जाब विचारण्याआधी केबिनमधली वही पाहा.' एजंट ही ओळ वाचतो आणि उत्तराच्या शेवटी प्रत्येक वेळी न चुकता तसं सांगतो. सेक्रेटरी काका थोडे वैतागतात.

वैतागू देत!